एकही फरक नाही

वाचनालयात दोन संगणक आले तेव्हा कार्डबाईंनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. पुस्तकांची कार्डं वीसेक वर्षं त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिलेली, म्हणून सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत, आणि कार्डांच्या खणांवर आपला जन्मसिद्ध हक्क असल्यासारख्या त्या वागत. आता तीच कार्डं संगणकात भरायची होती, तीही दोनदा: एकदा त्यांनी, एकदा नव्याने आलेल्या टंकलेखिकेने, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकींचं न बघता. संध्याकाळी ग्रंथपाल दोघींच्या फ्लॉप्या ताडून बघत. एका अक्षराचा जरी फरक निघाला तरी संगणकाने पिपाणीसारखं वाजायचं, असा बेत होता. काम संपल्यावर दोघींपैकी एकीलाच ठेवणार होते.

संगणक कधी वाजलाच नाही.

एका दुपारी डोळ्यांवर झापड आली आणि त्यांनी एका भूगोलाच्या पुस्तकाची तीनशे पानं चक्क तीस हजार करून टाकली. घरी गेल्यावर चूक आठवली. रात्रभर जीव टांगणीला लागला.

"काल एकही फरक नाही," ग्रंथपाल सकाळी म्हणाले. "झकास जमलीय तुमची जोडी."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. नवी आपली नक्कल मारते, दुसरं काय.

"मग बरंच आहे की," घरी हे ऐकून नवरा म्हणाला. "वर्गात नक्कल हुशार मुलीचीच करतात."

त्यांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीला आतून कडी घातली, फ्लॉपी क्षणभरही नजरेआड केली नाही, आणि शेवटच्या कार्डावर लेखकाच्या जागी आईने ठेवलेलं आपलं लाडाचं नाव टाइप केलं. आई जाऊन जमाना लोटला होता. ते नाव नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. फ्लॉप्या ताडताना त्या ग्रंथपालांच्या शेजारी उभ्याच राहिल्या. संगणक गप्प.

"ती माझं काम चोरते, साहेब."

"कसं चोरेल?" ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले. "तिची फ्लॉपी नेहमी आदल्या दिवशीच माझ्या कपाटात येते. ही तर काल आलीय."

बाई तडक नवीच्या खोलीत गेल्या. त्यांना भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता. नवी उद्याचा खण पुढ्यात घेऊन बसली होती. संगणक बंद होता. खणातली पुढची थोडी कार्डं तिने पालथी करून ठेवली होती आणि मागची सगळी तशीच उभी होती.

"आज लवकर आटोपलं?" बाईंनी विचारलं.

"उद्याचं तुमचं एवढंच आहे, ताई."

"अगं, खण तर अख्खा बाकी आहे."

नवीने उठून आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा ना जरा," ती हळुवारपणे म्हणाली. "बाकीचं मला एकटीलाच करायचंय."