पुजाच्या पोटात डोकावलेला चष्मा

मी चष्मा बोलतोय. नाकावर बसून पेपर वाचणारा नव्हे, निम्मं तोंड झाकणारा, व्हीआरवाला. मला डोळ्यांवर चढवलं की खोटं जग खरं दिसतं. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं, पोरांच्या खेळात जाणार. आलो हिंगोलीच्या एका दवाखान्यात, डॉक्टर अपर्णाबाईंच्या टेबलावर. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

कनेरगाव नाक्याजवळच्या बंजारा तांड्यावरची पुजा, पाच वर्षांची. तिच्या यकृतात कॅन्सरची गाठ आणि गाठीला खेटून मोठी रक्तवाहिनी. तपासणीच्या चित्रांवरून तिचं यकृत माझ्यात जसंच्या तसं उभं केलं होतं, गाठ नारिंगी रंगाची. मला लावून अपर्णाबाई ऑपरेशनचा सराव करत हवेत हात फिरवायच्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई माश्या हाकतात. तीनदा वाहिनी कापली गेली आणि माझ्या आत सगळं लाल झालं. चौथ्यांदा खालच्या अंगानं वाट सापडली.

बाप प्रेमदास सही करायला तयार होता, पण त्याची आई रूपाबाई अडून बसली. "पोटात काय हाय ते दिसल्याबिगर चाकू लावू देनार न्हाई."

"मग बघा ना, आजी."

पण माझा पट्टा म्हातारीच्या केसांतल्या चांदीच्या घुगऱ्यांवर, तिच्या सौभाग्याच्या दागिन्यावर, बसेना. काढा म्हटलं तर उखडलीच. "मालक जित्ता असताना ह्या उतरत न्हाईत!" शेवटी अपर्णाबाईंनी मला हातानंच तिच्या डोळ्यांशी धरलं. जन्मभर आरशांचं भरतकाम केलेली ती म्हातारी त्या नारिंगी गाठीकडं झुकली. गाठ उपटायला तिची बोटं पुढं आली.

"बाई, आमचा टाका चुकला तर उसवता येतो. इथं?"

"ऑपरेशनात नाही येत, आजी. म्हणून आधी ह्याच्यात चुकून घेतलं. तीनदा."

डॉक्टरनं चूक कबूल केलेली तिनं पहिल्यांदाच ऐकली असावी. "कर रे सही," ती लेकाला म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेलं नाही. सहा तास टेबलावर तळमळलो. वाट मी दाखवलेली; तीच फसवी निघाली तर? दुपारी व्हरांड्यातून रूपाबाईचा हंबरडा ऐकू आला आणि माझा धीरच सुटला. मग प्रेमदास ओरडला, "माय, रडून काहून राहिली? निघाली ना गाठ, पुरी निघाली!"

पुजा आता तांड्यावर शेळ्यांमागं पळते म्हणे. तिच्या पोटातली गाठ गेली, माझ्या पोटात अजून आहे. मला ती बघवत नाही. तरी अपर्णाबाई, पुसू नका. काल वसमतहून असलीच गाठ घेऊन आणखी एक लेकरू आलंय. नव्या डॉक्टरांना बोलवा, हात बसू द्या. जेवढं चुकायचं तेवढं माझ्यात चुका.