खाली ठेवलेली कॉफी
हारिबची नजर अधू झाली आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते मान्य नव्हतं फक्त हारिबला. परवा आम्ही दोघे वाळवंटात शिकारीला गेलो, तेव्हा त्याने आपली ससाणी शहबा सोडली, ती पक्ष्यावर नव्हे, वाऱ्याने उडालेल्या पांढऱ्या पिशवीवर. आमच्याकडे शिकारी ससाण्यांनाही पासपोर्ट असतो; शहबाकडे स्वतःचा आहे, माझ्यापेक्षा जास्त देश पाहिलेत तिने. पिशवी पायाखाली दाबून तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मलाच लाज वाटली. परतताना हारिबने गाडी वाळूच्या कड्यावरून सरळ खाली घातली. नशिबाने वाचलो. घरी आल्याआल्या मी त्याच्या मुलाला, मुसब्बहला, सगळं सांगून टाकलं. चहाडी म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हारिबच्या मजलिशीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, आम्ही दोघेच होतो. मुसब्बह आला, पण घरातल्या दाराने नाही, रस्त्याकडच्या. सलाम करून पाहुण्यांच्या गादीवर बसला.

"हे काय नवीन? घरात दार नाही का तुला?" हारिब म्हणाला आणि सवयीने त्याने कॉफी ओतून पुढे केली.

मुसब्बहने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला.

माझा खजूर हातातच राहिला. पाहुण्याने कॉफी खाली ठेवली म्हणजे त्याला काही मागायचं असतं. यजमानाने शब्द दिल्याशिवाय तो ती उचलत नाही, आणि कॉफी गार झाली तर घराची अब्रू जाते. पण सख्ख्या बापासमोर असा कप ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

हारिब माझ्याकडे वळला. "ओबैद, सांग याला. घरच्या पोराला ही रीत लागू नाही."

"मला कशाला मध्ये घेतोस? मजलिस तुझी, कॉफी तुझी."

"तूच पढवलंयस त्याला."

मी खजूर खाऊ लागलो. हारिब धुमसत बसला. कपावरची वाफ त्याला दिसत नव्हती. शेवटी त्याने हात पुढे करून कपाला बोट लावून पाहिलं. कोमट झाला होता.

"पी," तो म्हणाला. "मागशील ते दिलं."

"गाडीची किल्ली, बाबा."

"आणि शहबा? तिने काय गच्चीवर बसून राहायचं?"

मुसब्बहने मान खाली घालून कॉफी संपवली. दिलेला शब्द हारिबने आजवर मोडला नव्हता. त्याने खिशातून किल्ली काढून गादीवर ठेवली. मला फार वाईट वाटलं. त्या वाळूखेरीज त्याला दुसरं होतं काय?

मग तो उठला, भिंतीला हात लावत आला आणि माझ्या शेजारी, पाहुण्यांच्या गादीवर बसला.

"मुसब्बह, आता तिकडे तू बस. ओत."

मुसब्बहने बापाच्या जागी बसून कॉफी ओतली. हारिबने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला.

मुसब्बहचे डोळे भरून आले. "प्या, बाबा. दिलं."

"शुक्रवारी पहाटे निघायचं," कप उचलत हारिब म्हणाला. "आणि गाडी म्हाताऱ्यासारखी चालवायची नाही."