निळ्या काठाचा कप

म्हाताऱ्या ग्रीक एव्हान्थियाबाईंच्या घरात करुणा गजभियेला पहिल्या दिवसापासून काहीतरी खटकत होतं. एक तर बाईंनी तिचं आडनावच विचारलं नाही. आता आडनाव न विचारणाऱ्या घरमालकिणीवर कोणी संशय घेतं का? पण पुण्यात आर्किटेक्चर शिकताना करुणाने खोलीसाठी जी जी दारं ठोठावली, तिथे आधी आडनाव विचारलं गेलं होतं. ते ऐकल्यावर खोली बहुतेक वेळा 'कालच गेलेली' असायची. त्यामुळे न विचारणारीच तिला जास्त आतल्या गाठीची वाटली.

साल २००८. मेलबर्नमध्ये भारतातल्या विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. वेरिबीसारख्या उपनगरात पोरं गराजमध्ये गाद्या टाकून राहत होती. अशात स्वतंत्र खोली मिळणं म्हणजे लॉटरीच. त्यातून करुणाच्या मास्टर्सचा विषय होता ग्रीसच्या डोंगरगावांतली जुनी दगडी गेस्टहाउसं, आणि बाई जन्मल्या होत्या तशाच एका घरात. दुपारी बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायच्या आणि करुणा ते कागदावर काढायची. दगडी पाट्यांचं छप्पर, हातभर जाड भिंती, उंच फाटकाआडचं फरसबंद अंगण, वर लाकडी सज्जा. पाहुण्यांची खोली फाटकाला लागून, मोठी चूल तिथेच, घरचे सगळे वरच्या मजल्यावर.

"म्हणजे परक्याला बाहेरच्या बाहेर ठेवायचं," करुणा मनात म्हणाली. तिची इथली खोलीही पुढच्या दाराला लागूनच होती.

आणि तो कप! घरातले सगळे कप सिंकवर टांगलेले. करुणाचा निळ्या काठाचा कप मात्र दाराजवळच्या फळीवर एकटा. बाई तो वेगळा धुवायच्या, वेगळ्या फडक्याने पुसायच्या. एकदा तिने टांगलेल्यातला एक घेतला, तर बाईंनी तो तिच्या हातून जवळजवळ हिसकावला आणि कॉफी निळ्या कपात ओतून दिली. पुण्यात शेवटी जिथे खोली मिळाली, तिथल्या घरमालकीण काकू तिचा कप मागच्या खिडकीत ठेवायच्या, कान तुटलेला. हा धड होता एवढंच.

तिने सिडनीला नीरजाला फोन लावला. कॉलेजपासूनची मैत्रीण.

"अगं, ओल्ड बाई आहे, हायजीनचं काहीतरी असेल," नीरजा म्हणाली. "एवढं काय मनावर घेतेस?"

"तुला कधी कोणी वेगळा कप दिलाय?"

नीरजाने घाईघाईने परीक्षेचा विषय काढला.

करुणाने ठरवून टाकलं. गराजमध्ये पाचजणींत झोपेन, पण वेगळ्या कपाने पिणार नाही. असल्या कपापासून लांब जायचं म्हणून तर समुद्र ओलांडला होता. फक्त जाण्याआधी एकदा खात्री करायची होती.

शनिवारी दुपारी तिने स्वतः कॉफी केली, निळ्या कपात ओतली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी कपाकडे पाहिलं आणि तो हळूच बाजूला सरकवला.

"का?" करुणाचा आवाज चढला. "मी उष्टावलाय म्हणून?"

"ह्यात मी कशी पिणार?" बाई चकित झाल्या. "हा पाहुण्याचा. बापाच्या घरी खेचरवाले, धनगर, वाट चुकलेले, सगळे ह्यातूनच प्यायचे. आम्ही पोरांनी हात लावला की थप्पड बसायची. घरातली मोठी चूलसुद्धा पाहुण्याच्याच खोलीत होती. आम्ही वर कुडकुडायचो."

आपल्या ड्रॉइंगमध्ये ती चूल करुणानेच काढली होती, आणि तरी तिला फक्त फाटक दिसलं होतं.

"तुम्ही धुता वेगळा..."

"एकच उरलाय. बोटीवरून घोंगडीत गुंडाळून आणला." बाईंनी कप जवळ ओढला. "इथे फॅक्टरीत लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी परकी म्हणून माझा कप वेगळा ठेवला होता. खिडकीत."

करुणाला एकदम रडू फुटलं. रडत रडतच तिने सगळं सांगितलं, खोल्या, काकू, आडनाव. बाईंना निम्मंच कळलं असेल, पण खिडकीचं मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग निळा कप उचलून तिच्यापुढे धरला.

"नको," करुणा नाक पुसत म्हणाली. "पाहुणा जातो. मला त्या टांगलेल्यांतला द्या."

"ते टवके उडालेले आहेत."

"चालेल."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. मग त्यांनी सगळ्यात टवके उडालेला कप काढून तिच्या हातात ठेवला.

"घरच्या कपाने पिणाऱ्याने सगळ्यांची भांडी घासायची," त्या म्हणाल्या. "आमच्यात तसंच आहे."

करुणाने बाह्या वर केल्या. सिंक काठोकाठ भरलं होतं.