फिरवलेली पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. तीन खेड्यांतून घोड्यांची आणि सायकलींची जी वाट जाते, तिच्या फाट्यावर मी अकरा वर्षे उभी आहे. मित्रांनो, लोक माझ्याकडे एकदा बघतात आणि वळतात. आभार मानायला कुणी थांबत नाही. चालायचेच!

एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले. त्याच्या बायकोने माझ्यावर बाण रंगवला आणि शेजारी घोडा काढला. घोडा जरा गाढवावर गेला होता. "असू दे," सुतार म्हणाला, "वाट गाढवालाही कळते." मग त्याने मला लोखंडी खांबावर एकाच नटाने घट्ट आवळले. तो एकच नट पुढे माझा घात करणार होता.

सुरुवातीची वर्षे मात्र सुखाची गेली. घोडेस्वार यायचे, घामाघूम सायकलवाले यायचे. "ही पाटी नसती तर कुठे भरकटलो असतो देव जाणे!" असे कुणी म्हणाले की माझा ऊर भरून यायचा. पुढे रंगाचे पोपडे उडाले, पाखरांनी डोके खराब केले. पुसायला कुणी आले नाही.

आला तो चहावाला. त्याची टपरी डावीकडच्या जुन्या वाटेवर होती. ती वाट ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून लांबचा वळसा घेऊन पुन्हा मूळ वाटेला मिळायची. तिकडे चिटपाखरू फिरकत नव्हते. त्याचा जिवलग मित्र होता वरच्या गावातला नालबंद, घोड्यांना नाल ठोकणारा. एका सकाळी दोघे पाना घेऊन आले. नट गंजला होता, तेव्हा नालबंदाने त्यात तेल सोडले.

"फिरव बिनधास्त," तो हसत म्हणाला. "लोकांना चहा मिळेल, तुला गिऱ्हाईक. कुणाचं काय जातंय?"

तेव्हापासून फिरायला येणाऱ्यांच्या हंगामात रोज सकाळी चहावाला माझा बाण डावीकडे फिरवायचा आणि संध्याकाळी उजवीकडे आणायचा. गावकरी हसायचे. मला लाज वाटायची, पण पाटीच्या लाजेला कोण विचारतो?

यंदा हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याने टपरी बंद केली, सामान उचलले आणि मला सरळ करायला विसरला. दोन आठवड्यांनी ओढ्याला लोंढा आला आणि साकव वाहून गेला.

त्यानंतर एका दुपारी खालच्या गावची नर्स सायकलवरून आली. नवीनच बदलून आली होती. दवाखान्याची जीप दुसरीकडे गेली होती, म्हणून बिचारी सायकल दामटत निघाली होती. ती माझ्यासमोर थांबून फोनवर बोलू लागली.

"दादा, फाट्यावर आलेय. कुठं वळू?"

पलीकडून नालबंदाचा घाबरलेला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पाटी आहे बघा, घोड्याची! बाण दाखवतो तिकडं वळा, पाव तासात दारात याल. लवकर या हो ताई, बायकोला कळा सोसवेनात!"

टपरी बंद म्हणजे पाटी सरळ, असे त्याने गृहीत धरले होते. नर्स डावीकडे वळली. अगं बाई, तिकडे नको! मी आतल्या आत ओरडले, पण लाकडाला आवाज कुठला?

साकव नव्हता आणि ओढ्याकाठी फोनही लागेना. पाण्यात उतार शोधत, सायकल टाकून, शेताशेतांतून ती पोहोचली तेव्हा दीड तास उलटून गेला होता. बाळाच्या गळ्याला नाळ आवळली होती. आई वाचली. बाळ गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चहावाला धावत आला. त्याने मला सरळ केले आणि नट आवळला. मागोमाग नालबंद आला. त्याने पाना पाहिला आणि त्याला सगळे उमगले.

"विसरलो रे," चहावाला रडत म्हणाला. मग डोळे पुसून हळूच म्हणाला, "पण तेल तूच सोडलंस ना? वहिनीला काय सांगशील?"



दुपारी दवाखान्याचे मोठे डॉक्टर नर्सला आणि नालबंदाला घेऊन आले. "बाई, बाण तर उजवीकडे आहे."

"साहेब, आईशप्पथ, काल डावीकडे होता!"

डॉक्टरांनी नालबंदाला विचारले, "ही पाटी फिरते का हो?"

तो खाली मान घालून उभा होता. "नाही साहेब," तो म्हणाला. "घट्ट आहे ती."

नर्स माझ्याकडे बघत राहिली. तिने मला हलवूनही पाहिले, पण नट करकचून आवळलेला होता. "मग मीच चुकले असेन," ती पुटपुटली. आठवड्याभरात तिला कामावरून काढले.

नालबंदाची बायको कधी कधी इथे येऊन बसते. "मेलीला साधी पाटी वाचता आली नाही," म्हणते आणि पदर तोंडाला लावून रडते. तिचा नवरा शेजारी उभा असतो. तो तिला घरी चल म्हणतो, एवढेच.

मित्रांनो, पाट्या जपा, रंग द्या, हे तर मी सांगेनच. पण कुणी पाटी फिरवताना दिसला तर हसून पुढे जाऊ नका. आणि हसला असलात, तर निदान नंतर तरी खरे सांगा. ती नर्स अजूनही समजते की चूक तिचीच होती. मला तोंड नाही हो. तुम्हाला आहे.