गल्लीत साधा सभासद नाही

"गटार तुंबवलंत तुम्ही, घाण शिरली आमच्या न्हाणीत, आणि वर आम्हालाच अक्कल शिकवता?" शिंपीणवहिनीने टेबलावर मूठ आपटली. नगरपालिकेच्या साहेबांनी चहाचा कप तेवढा बाजूला घेतला.

"एकेकट्याची तक्रार आम्ही घेत नाही, बाई. गल्लीचं मंडळ काढा. घरटी एकच नाव. नोंदवा, मग या."

वहिनीच्या सासूबाई घाण पाण्यात घसरून खुबा मोडून बसल्या होत्या. नणंद रोज फोनवर टोचायची, "वहिनी, तुझ्याच्याने होत नसेल तर आईला मी घेऊन जाते." म्हातारीला लेकीकडे जायचं नव्हतं. "इथून हलवू नकोस गं मला," एवढंच ती म्हणायची.

म्हणून वहिनीने हातातली कामं बाजूला ठेवली आणि गल्ली गोळा केली. रंगाऱ्याच्या अंगणात बैठक भरली. गटार राहिलं बाजूला.

"मी अध्यक्ष नसेन, तर माझं नावच घालू नका," रंगारी म्हणाला.

"मग मी काय सतरंज्या उचलू?" निवृत्त मास्तर उसळले.

सुतारकाका रुसून उठले, त्यांना कार्याध्यक्ष करून परत बसवलं. बेकरीवाला उपाध्यक्ष झाला, तेव्हा शेजारच्या घरातल्या त्याच्या मेहुण्याला सहउपाध्यक्ष करणं आलंच. शेवटी कोणाचं मन मोडायला नको म्हणून प्रत्येक घराला एक पद देऊन टाकलं. वहिनी चिटणीस. मंडळी एकमेकांना 'साहेब' म्हणत घरी निघाली, चपला हातात घेऊन, त्याच गटाराच्या पाण्यातून.

कचेरीतल्या साहेबांनी यादी वाचली आणि हसले. "हे सगळे पुढारी. यांना निवडून देणारा कुठाय? पद नसलेला एक तरी सभासद दाखवा."

वहिनी दारोदार फिरली. रंगारी म्हणाला, "दारावर पाटी रंगवलीय, वहिनी. आता काय खरवडू?" मास्तरांसाठी तो तत्त्वाचा प्रश्न होता. सुतारकाकांनी मात्र मान खाली घातली. "जन्मात पहिल्यांदा बायको मला 'अहो साहेब' म्हणाली, पोरी. मला नको सांगूस."

"मग मरा पदं घेऊन!" वहिनीने आपलंच पद सोडलं. मंडळ नोंदलं गेलं. तक्रार घेऊन ती पुन्हा कचेरीत उभी राहिली.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"साधी सभासद."

"मग तुमचं कसं चालेल? पदाधिकाऱ्यांनी यायला हवं. पाठवा त्यांना."

पदाधिकारी येणार नव्हते. मंडळाच्या उद्घाटनाची फीत कोणी कापायची यावरून त्यांच्यात जुंपली होती, आणि उद्घाटनाआधी कामाला हात लावायचा नाही, यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

वहिनी घरी आली तर नणंदेची गाडी दारात. सासूबाईंनी खाटेची कड दोन्ही हातांनी गच्च धरलेली, आणि नणंद एकेक बोट सोडवत होती. वहिनी आली तशी मागे फिरली, भिजल्या पायांनी कचेरीत शिरली आणि साहेबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"तुम्ही म्हणालात मंडळ काढा, काढलं. सभासद दाखवा म्हणालात, मी झाले. आता तिकडे म्हातारीला तिच्या घरातून उचलून नेतायत. सांगा, तिला कुठल्या पदावर बसवलं म्हणजे तुम्ही ते गटार उपसाल? कप खाली ठेवा, साहेब. माझ्याकडे बघून बोला!"