डावं कपाट

हवालदार कुवाबारांनी फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. ल्युएनने तो कानाला लावला. त्या जपानी चौकीत तिची भाषा कुणाला येत नव्हती, म्हणून त्यांनी यादी धुंडाळून दुभाषीण गाठली होती. परदेशी माणसांसाठी अशी सोय असते, हे त्यांनी हातवारे करून तिला तीनदा समजावलं होतं.

"बोल गं पोरी," पलीकडून व्हिएतनामी शब्द आले. "काय झालं?"

पोलिसांच्या दारात मायबोली ऐकली आणि ल्युएनचा बांध फुटला. शिलाईचा कारखाना, मालक इवासेंनी पहिल्याच दिवशी 'सांभाळून ठेवतो' म्हणत घेतलेला पासपोर्ट, गावी गुरुवारी आईच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि मालकांचं एकच पालुपद, ऑर्डर संपली की बघू. सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं.

पलीकडचा आवाज एकदम बदलला.

"ल्युएन? अगं बये, मी थुई."

ल्युएनच्या पायाखालची जमीन सरकली. थुईताई! परदेशी कामगारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेतर्फे दर महिन्याला यायची, कारखान्यातल्या आठ मुलींना रांगेत बसवून 'काही तक्रार?' विचारायची आणि मालकांच्याच गाडीतून परत जायची. दोन्ही भाषा येणाऱ्या बायका त्या गावात होत्या तरी किती? कारखान्यांना ती, शाळेला ती आणि पोलिसांनाही तीच. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कुणाकडे?

"डोकं फिरलंय का तुझं? मालकांना कळलं तर आठही जणींना परत धाडतील. रस्ता चुकलीस म्हणून सांगते मी. गुमान परत जा. दे फोन त्यांच्याकडे."

तिने दिला. दुसरं काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कुवाबारांनी "हं, हं" करत ऐकलं, फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"एवढं सगळं बोललात, आणि नुसता रस्ता चुकलात होय?"

तिला प्रश्न अर्धामुर्धाच कळला. "पासपोर्ट," ती म्हणाली. "कंपनी."

"हो हो, कंपनीपर्यंतच काढून देतो." त्यांनी कागद ओढला आणि नकाशा काढायला घेतला. पूल, देऊळ, डावीकडे वळण. सुबक काढत होते. "एकट्या जाल ना? का सोडायला येऊ?"

माणूस चांगला होता, हीच तर पंचाईत होती. आता हा भला माणूस तिला हाताला धरून मालकांच्या दारात उभी करणार, आणि वर त्यांना नमस्कारही करणार. ल्युएनला रडू आलं.

इतक्यात दार सरकवून एक म्हातारा आत आला. त्याच्या हातात लोकरीचा एकच हातमोजा होता, रस्त्यात सापडलेला. कुवाबारांनी नकाशा बाजूला ठेवून छापील अर्ज काढला. कुठे सापडला? किती वाजता? रस्त्याच्या कुठल्या बाजूला? म्हातारा आठवून आठवून उत्तरं देत होता. एका हातमोज्यापायी दहा मिनिटं गेली, पण दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

म्हातारा गेल्यावर ल्युएनने त्या अर्जावर बोट ठेवलं.

"माझा पण. हरवला."

"काय हरवला?"

"पासपोर्ट."

कुवाबारा ताठ बसले. पासपोर्ट म्हणजे काही हातमोजा नव्हे. त्यांनी कोरा अर्ज घेतला.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! कुठे हरवला?"

"कंपनी. मालक खोली. कपाट. डावं."

पेन थांबलं.

"कधी?"

"दोन वर्षं. पहिला दिवस."

"कपाटाला कुलूप?"

"आहे."

"किल्ली?"

"मालक."

फोन वाजू लागला. कुवाबारांनी त्यावरचा दुभाषिणीचा नंबर पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. फोन वाजून वाजून थांबला. त्यांनी सगळी उत्तरं एकेका रकान्यात मघासारखीच सावकाश उतरवली आणि अर्ज सहीसाठी तिच्याकडे फिरवला.

"हरवल्याचं ठिकाण माहीत असलं की आम्हाला आधी तिथेच शोधावं लागतं," ते म्हणाले. "तुम्ही इथेच बसा."

त्यांनी खुंटीवरची टोपी घातली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"डावं म्हणालात ना?"