उभा काप

मी एक जुना काप्या आहे, मित्रांनो. हसू नका. माझे खरे नाव मायक्रोटोम असे चांगले भारदस्त आहे, पण ज्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली तिथे ते नाव कोणी घेत नाही. 'काप्याला तेल घाला', 'काप्या फडक्याने पुसा', असेच चालते. नावाप्रमाणे माझे काम कापण्याचे. पण किती बारीक कापण्याचे, ते ऐका. तुमच्या डोक्यावरचा एक केस उपटा. त्या केसाच्या जाडीत माझे दहा-पंधरा काप एकावर एक आरामात बसतील. तुम्हाला वाटेल, हा फुशारकी मारतो. मारतोच. इतके बारीक कापणाऱ्याने थोडी मारली तर बिघडत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले आणि निवल्यावर मी बाहेर आलो तो ओबडधोबड, बेढब असा. मला माणसात आणले एका म्हाताऱ्या कारागिराने. त्याने माझे अंग घासले, चाक बसवले, दांडे गुळगुळीत केले. चष्मा कपाळावर चढवून तो डोळे मिटायचा आणि अंगठ्याने मला चाचपायचा. "इथे अजून लागतंय," असे पुटपुटून पुन्हा घासायला बसायचा. त्याच्या सुनेने जेवायला हाक मारली की म्हणायचा, "आलोच," आणि यायचा नाही. त्या माणसाच्या हट्टामुळे माझ्या अंगात केसभरही सैलपणा राहिला नाही.

मग मी प्रयोगशाळेत आलो. तिथे तोंडाच्या आजारांचा अभ्यास चालतो. हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू, टाळू या सगळ्यांची रचना कशी असते, त्यांना काय काय होते आणि तिथल्या जखमा कशा भरून येतात, हे ती माणसे शोधत असतात. खोली तशी साधी. एका कोपऱ्यात मेण वितळवायचे भांडे, शेजारी कोमट पाण्याची परात, भिंतीला लागून काचपट्ट्यांची कपाटे आणि एक मोरी, जी गुलाबी आणि जांभळ्या रंगाने कायमची माखलेली.

दुखऱ्या जागेचा तांदळाएवढा तुकडा बाटलीतून आमच्याकडे येतो. मेणताई तो मेणात बसवून त्याचा ठोकळा करते. तिचे हे नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण तिच्या हातांना इतकी वर्षे मेणाचा वास आहे की दुसरे नाव शोभलेही नसते. ठोकळा माझ्यात अडकवला, चाक फिरवले की पात्यावरून मेणाची नाजूक फीत उतरते. ती पाण्यावर तरंगवायची, काचेवर उचलायची, रंगवायची आणि दुर्बिणीखाली ठेवायची. ही दुर्बीण आकाशातले तारे पाहायची नव्हे, तर डोळ्यांना न दिसणारे बारीक पेशींचे जग पाहायची. त्या जगात शिरायचे तर दार माझ्याकडूनच उघडते.

या सगळ्यावर लक्ष असते ते डॉक्टरबाईंचे. त्या शिकायला आल्या तेव्हा वेणी घालत, आता केसांत कंगवा खोचतात आणि विभागाच्या प्रमुख आहेत. त्यांना एकाच प्रश्नाने झपाटले होते. गुडघा फुटला तर त्याची खूण जन्मभर राहते, मग तोंडातली जखम इतक्या झटपट का भरते? भरणाऱ्या जखमांच्या कडा त्यांनी माझ्याकडून इतक्या कापून घेतल्या की ते काप जोडले तर गावाला वेढा पडेल. लोकांना आजार ओळखता येतो, बाईंना बरे होणे ओळखता येत असे. आणि त्यांच्या त्या ज्ञानाचा एकेक कण माझ्या पात्यावरून गेला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढे व्हायचे तेच झाले. नवे यंत्र आले. त्याला पडदा, बटणे, हिरवा दिवा. बटण दाबले की ते आपले आपण कापू लागते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण याचे नऊ दिवस काही संपेनात. मला खिडकीपाशी सरकवले. कोणी माझ्यावर डबा ठेवी, कोणी चाकाला छत्री टांगी. जुने ते सोने म्हणावे तर मी पडलो बिडाचा! मनातून खट्टू झालो होतो, खोटे कशाला बोलू?

अशातच एके दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीत बोलीवाले आले. त्या खोलीचे दार नीट मिटत नाही, म्हणून तिथले सगळे मला ऐकू येते. हे गृहस्थ भाजीच्या बाजारात लिलाव पुकारतात. पहाटे टोपल्यांच्या ढिगावर उभे राहून बोली पुकारायची, चेष्टा करत, कोपरखळ्या मारत भाव चढवत न्यायचा आणि 'तीन वार' म्हणून हात आपटायचा, हे त्यांचे काम. जिभेला हाड नसते म्हणतात ते त्यांच्याकडे पाहून पटावे. पण त्या दिवशी ते गप्प होते. बोलत होती त्यांची बायको.

"जिभेच्या कडेला जखम झालीय हो. कधीची भरतच नाही. बाई, तुम्ही बाहेरगावी होतात, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी तुकडा काढला. इथेच तपासला. परवा ऑपरेशन ठरलंय. अर्धी जीभ काढणार म्हणतात." मग ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "यांची जीभ कापायला हवी, असं मीच इतकी वर्षं म्हणत आले. पण ते चिडून म्हणत होते हो. असं थोडंच म्हणायचं होतं?"

बोलीवाले पहिल्यांदा बोलले. शब्द जड येत होते. "बाई, मला दुसरं काही येत नाही. जीभ गेली म्हणजे माझ्या दोन्ही बोली गेल्या. बाजारातली पण आणि घरातली पण."

माझ्या बिडाच्या अंगातही काहीतरी हलले, मित्रांनो.

बाईंनी त्यांना बाहेर बसवले आणि ती काचपट्टी मागवली. गुलाबी भागात जांभळी बेटे सुटी सुटी पसरलेली होती. वरच्या थरातल्या पेशी आपली जागा सोडून खोल मांसात घुसल्या की अशीच बेटे दिसतात, आणि तो कर्करोग. ज्याने पाहिले त्याने तसेच म्हटले होते, त्यात त्याचे चुकले असे नाही. पण बाई दुर्बिणीवरून डोळा काढीनात.

"मेणताई, इकडे ये. ही बेटं बघ. घुसखोर असे रांगेत उभे राहतात का? ही दंगा करणारी माणसं नाहीत गं. ही घर बांधणारी माणसं आहेत. यांना मी ओळखते." मग त्यांनी मान वर केली. "हा तुकडा तू बसवलास कसा?"

मेणताईने आठवून सांगितले, "बाटलीत आला तोच वळून आला होता, वाळक्या पानासारखा. सपाट राहावा म्हणून कागदाला चिकटवून पाठवायचं दवाखान्यातल्यांच्या लक्षात राहिलं नसेल. वरची बाजू कुठली ते कळेना. मग जी सपाट दिसली ती खाली टेकवली."

"म्हणजे आडवा बसला."

"आडवाच बसला असणार," मेणताईने जीभ चावली.

आमच्या धंद्यात हीच मोठी ग्यानबाची मेख. तुकडा उभा बसवला तर वरपासून खालपर्यंत सगळे खरे दिसते. आडवा बसला तर मी तो आडवाच कापणार, आणि आडव्या कापाचा अर्थही आडवाच निघणार. नव्या यंत्राने प्रामाणिकपणे कापले होते. समोर ठेवले तेच आम्ही कापतो.

बाईंनी सर्जनना बोलावून घेतले. ते तरातरा आले. "बाई, परवाची तयारी झालीय. तुम्ही थांबा म्हणताय. आणि तुम्ही चुकलात तर? तो रोग काही आपल्यासाठी थांबणार नाही."

"म्हणूनच उद्यावर टाकत नाही. आज, आत्ता बघू." बाईंनी केसांतला कंगवा काढला, मेणताईच्या टेबलावरचा मऊ मेणाचा गोळा ओढला आणि कंगव्याचे दात त्यात खुपसून बाहेर काढले. मग पात्याने गोळा आडवा कापला. "काय दिसतं?"

"ठिपके," सर्जन म्हणाले. "सुटे सुटे."

"सुटे आहेत?"

सर्जननी कंगव्याकडे पाहिले. सगळे दात एकाच पाठीला जोडलेले. ते खुर्ची ओढून बसले. जिभेवरच्या थरालाही खालच्या बाजूने असेच दात असतात, आणि जखम भरताना ते जास्तच लांब वाढतात.

पण अडचण अशी की ठोकळ्यात तुकडा उरला होता नखाच्या कपच्याएवढा. तोही वाया गेला तर दाखवायला काही नाही, आणि पहिलेच मत कायम. मेणताईने ठोकळा वितळवला, चिमट्याने तो कण हलकेच फिरवला, मेण घट्ट होईपर्यंत उभा धरून ठेवला. मग तिने विचारले, "नव्या मशीनवर लावू?"

"नको. ते कापून मोकळं होतं आणि मग कळतं किती गेलं," बाई म्हणाल्या. "काप्याला काढा."

मित्रांनो, ते दोन शब्द ऐकले आणि मला म्हाताऱ्या कारागिराचा अंगठा पुन्हा अंगावरून फिरल्यासारखा वाटला. माझी धूळ पुसली, सांध्यांना तेल दिले, नवे कोरे पाते बसवले. ठोकळा बर्फावर गार करून माझ्यात अडकवला. चाकावर हात होता मेणताईचा, आणि मानेवर श्वास होता बाईंचा. पंखा बंद केला, कारण वाऱ्याने फीत उडते. सर्जनही उठून उभे राहिले.

पहिल्या फेऱ्यात नुसते मेण आले. दुसऱ्यातही मेणच. "हळू," बाई म्हणाल्या. मी दांडा तसूभरही हलू दिला नाही. कसा देईन? आयुष्यभर मी ज्याचा तोरा मिरवला ते याच घटकेसाठी तर होते! आणि मग पात्यावरून फीत उतरली, अखंड, एकही चीर नाही, एकही सुरकुती नाही. तिच्या मधोमध तो कण, उभा, डोक्यापासून पायापर्यंत! मेणताईने फीत अलगद पाण्यावर सोडली, तरी ती नाही फाटली.

काच रंगवली, दुर्बिणीखाली गेली. बाईंनी आधी स्वतः पाहिले नाही. त्यांनी सर्जनना खूण केली. ते वाकले आणि काच सरकवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहत गेले.

"वरपर्यंत जोडलेलं आहे," ते शेवटी म्हणाले. "सगळे दात जोडलेले आहेत. बाई, हा तर कंगवा आहे!"

मग बाईंनी पाहिले आणि पुढचे काप एकेक करून तपासले. कुठेही घुसखोरी नव्हती. "भरू पाहणारी जखम आहे," त्या म्हणाल्या. "बिचारी भरायला जाते आणि कोणीतरी रोज उकरतंय."

कोण उकरतंय ते शोधायला वेळ लागला नाही. बोलीवाल्यांना आत बोलावून तोंड उघडायला लावले. मागच्या एका दाढेचा कोपरा तुटून सुरीसारखा धारदार झाला होता. दर आरोळीला जीभ त्यावर घासत होती.

"अहो, हा दात कधी तुटला?" बाईंनी विचारले.

"झाला बराच काळ. म्हटलं, दुखत नाही, तर कशाला बोला."

"ऐका!" त्यांची बायको म्हणाली. "साऱ्या जगाला टोपलीतलं सडकं वांगं ओरडून सांगतील, आणि स्वतःचा दात झाकून ठेवतील!" असे म्हणून ती हसू लागली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावून रडली. ऑपरेशन रद्द झाले होते. सर्जननी स्वतः तसे सांगितले आणि दाढही स्वतःच घासून गुळगुळीत करून दिली. बाईंनी मात्र बजावले, "जखम भरेपर्यंत मला दाखवत राहायचं. भरली नाही तर पुन्हा तुकडा काढायचा. आणि तोवर आरोळ्या बंद." घरी इतकी शांतता पहिल्यांदाच नांदली, असे त्यांची बायको नंतर सांगत होती.

शेवटचे दाखवायला ते दोघे आले तेव्हा बाईंनी कापडात जीभ धरून एका कडेने पाहिले, दुसऱ्या कडेने पाहिले, दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिले. मग ज्यांनी ती जखम पेशीपेशीने पाहिली होती त्या बाई म्हणाल्या, "अहो, कुठल्या बाजूला होती?"

बोलीवाले जीभ तोंडात घोळवत विचारात पडले. "डावीकडे. नाही, थांबा... उजवीकडे होती ना?"

त्यांनाही सापडेना! मेणताई, सर्जन, बाई, सगळे हसू लागले. एवढ्या वर्षांत त्या खोलीत असे हसू मी ऐकले नव्हते. मग बोलीवाले स्टुलावर चढले आणि काचपट्ट्या खणखणतील अशा आवाजात त्यांनी समोरच्या मेणाच्या गोळ्याचाच लिलाव पुकारला. शब्द कसे स्वच्छ, सुरीने कापल्यासारखे! मी बिडाचा नसतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

आता माझ्यावर डबे ठेवत नाहीत. अवघड, इवलासा तुकडा आला की पहिली हाक मलाच येते. मी म्हातारा झालो आहे, पण ताठ आहे.

मित्रांनो, तुम्हाला माझे एवढेच सांगणे. तुमच्याकडे जे राबते, मग ते यंत्र असो की तोंडातली दाढ, त्याची वेळेवर विचारपूस करा. कुणाबद्दल घाईने वाईट मत झाले तर त्याला एकदा उभे करून नीट पाहा. आणि तोंडातली एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दुखत नाही म्हणून तोंड मिटून बसू नका. मोठ्यांना जीभ दाखवू नये असे तुम्हाला शिकवले असेल. या एका कामासाठी खुशाल दाखवा, चांगली लांब बाहेर काढून!